लयकारिकेची पोतडी

एका राज्यात, सुईच्या टोकाहूनही लहान अशा राज्यात, केंद्रक नावाचा राजा होता. राज्याचा मूळ ग्रंथ त्याच्या महालात असे. तो बाहेर नेण्याची चाल नव्हती. राघू येत, लागेल तेवढं पान पाठ करत आणि रायबोझोम कारागिरांकडे उडत. राघू पढेल तसे कारागीर मणी ओवीत, त्या माळांना प्रथिनं म्हणत. तंतुकणिका नावाच्या भट्ट्या राज्याला ऊर्जा देत. आणि मोडकंतोडकं विरघळवून त्याचे मणी सुटे करायला होती म्हातारी लयकारिका, जहाल पाचकरसाची पोतडी काखोटीला मारून फिरणारी.

भट्ट्या राजाला आईकडून आलेल्या. त्यांतली सर्वांत जुनी एके दिवशी तडकली. लयकारिका पोतडी सोडू लागली, तोच राजा कळवळला, "आईची आठवण ती! राहू दे."

तेवढ्यात एक मायावी प्रकटला. "तथास्तु! तुझ्या राज्यात काहीच मोडीत निघणार नाही," म्हणत त्यानं पोतडीवर शिक्का मारला. "राजा स्वमुखानं मोडकं देईल, तेव्हाच हा गळेल." आणि गुप्त झाला.

झालं! एकामागून एक भट्ट्या तडकल्या, विषारी धूर ओकू लागल्या. जुन्या माळांचे ढीग साचले. नवे मणी मिळेनात. तीन प्रहरांत राज्य मरणार हे पोराबाळांनाही दिसत होतं. राजाला तेवढं दिसेना.

"कपाळ माझं!" म्हणत म्हातारी निघाली. वेशीवर प्रद्रव्यपटल नावाचा द्वारपाल उभा. "हा ढीग बाहेर तरी काढ, बाबा."

"आजी, आत काय घ्यावं, बाहेर काय सोडावं, हे मी निवडतो. एवढी धुडं माझ्या दारातून जायची नाहीत."

ती आंतर्द्रव्यजालिकेच्या वाटांवर गेली. वाटा म्हणाल्या, "आम्ही माल नेतो. शिक्के फोडत नाही."

ती गॉल्गी गाठोडेवाल्यांकडे गेली. "मेल्यांनो, पोतडी तुम्हीच बांधून दिलीत ना? मग सोडा!"

"आम्ही बांधतो, पत्ता घालतो, धाडतो. सोडणं आमचं काम नव्हे."

"ज्याला त्याला आपलं काम तेवढं ठाऊक! आणि माझं काम अडलंय त्याचं काय?" म्हातारी करवादली आणि थेट महालात शिरली.

राजा भट्टीला कवटाळून बसला होता. "तुझी पोतडी फुटली तर तू राज्यच गिळशील."

"फुटली तर गिळीन, खरंय. म्हणून तर इतकी वर्षं तोंड घट्ट आवळून वागवतेय! महाराज, ही तुमच्या आईची भट्टी. आईनं ती राज्य ऊबदार राहावं म्हणून दिली, की धुरानं मारावं म्हणून?"

राजानं भट्टीवरून हात फिरवला. ती थंडगार होती. तो रडला आणि म्हणाला, "ने."

शिक्का गळाला. रस धावला, भट्टी विरघळली, मणी सुटे झाले. राघू उडाले, कारागीर ओवू लागले. शेजारची एक धडधाकट उरलेली भट्टी त्या मण्यांवर पोसली, फुगली, दुभंगली. एकीच्या दोन झाल्या. राजानं नवीला हात लावला. तिच्यात आईच्या भट्टीचीच ऊब होती.

लयकारिकेचे आभार कुणीच मानले नाहीत. "सवयच आहे मेल्यांना," ती पुटपुटली आणि पुढच्या ढिगाकडे वळली. मुलांनो, उजव्या बरगड्यांखाली हात ठेवा. तिथल्या यकृतात अशी अब्जावधी राज्यं, म्हणजे पेशी, आहेत, आणि प्रत्येकात ती म्हातारी आत्ता, या घटकेला, कुरकुरत कामाला लागलेली आहे.