रेडकर सरांचा खुंट

"आता तरी सही कराल ना, सर?"

हेरंब चोडणकरने नकाशा पडवीतल्या झोपाळ्यावर उलगडला. खाडीच्या मुखाशी नवं वीजकेंद्र होणार होतं आणि त्याची कोळशाची जेटी हेरंबने आखली होती. सल्लागार म्हणून रेडकर सरांची सही हवी होती. पण खरं तर त्याला सरांच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं होतं. तीस वर्षं तो त्याच आशेवर होता.

सर ऐंशीच्या घरातले. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. ते जहाजाचा दोर बांधायच्या लोखंडी खुंटापाशी थांबलं.

"बोल्ट जाड केलेस."

"दुप्पट!" हेरंबची छाती फुगली. "आता कुणाची बोट दाखवायची हिंमत नाही."

दोघांनाही तेच आठवत होतं. दोघांनी मिळून बांधलेल्या जुन्या जेटीचे दिवस. भरतीची वेळ बघून जेवायचं, ओहोटीची बघून झोपायचं. कंबरभर पाण्यात हेरंब मापाची काठी धरून उभा आणि काठावरून सरांच्या शिव्या. काय सुखाचे दिवस होते ते!

मग वादळ आलं. कोळशाच्या जहाजानं हिसका दिला, बोल्ट तुटून खुंट उखडला आणि जहाज वाहत जाऊन चिखलात रुतलं. माणूस एकही दगावला नाही, पण चौकशी बसली. सर निवृत्त होईपर्यंत भांडारात खिळे मोजत बसले. 'रेडकरांचा खुंट' अशी म्हणच पडली ऑफिसात. त्या म्हणीला हेरंबही एकदा हसला होता. ते हसू त्याला अजून टोचत होतं.

"वादळात जहाजानं ओढ घेतली, तर यात आधी काय तुटेल?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"जहाज ओढायचं थांबेल?"

"…नाही."

"मग खुंटाबरोबर काय येईल?"

हेरंबने नकाशाकडे पाहिलं. "धक्क्याचा स्लॅब."

"आणि त्याच्यावर?"

"कोळसा नेणारा पट्टा…" एक खुंट वाचवायला त्यानं अख्खी जेटी पणाला लावली होती.

"जुन्या जेटीला वादळानंतर चौथ्या दिवशी दुसरं जहाज लागलं. विसरलास?"

"म्हणजे ते बोल्ट… तुम्ही मुद्दाम बारीक ठेवले होते?"

"हिशेब करून."

"चौकशीत सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. पण त्यांना कारण नको होतं रे, नाव हवं होतं."

बोल्टांचा तो जुना नकाशा कुणाच्या हातचा होता, हे हेरंबइतकं कुणाला ठाऊक असणार?

"सर, त्या नकाशावर दोन सह्या होत्या. दुसरी माझी. मला चौकशीला कुणी साधं बोलावलंसुद्धा नाही."

"हो. मीच म्हटलं, पोरानं फक्त रेघा ओढल्या."

"पण का, सर? तुमची सगळी नोकरी मातीत गेली…"

सरांनी हात लांब करून त्याचा खांदा दोनदा थोपटला. नव्यानं ठोकलेला खांब ते असाच थोपटून बघत.

"जेटी उभी राहिली की नाही?"