सौसन आणि बदामाच्या झाडातली परी

डोंगराच्या कुशीत निर्वासितांची एक छावणी होती. छावणी म्हणजे तंबू नव्हेत हं! तंबू केव्हाच गेले. आता तिथे सिमेंटची घरं होती, एकाला एक चिकटलेली, आणि मधल्या बोळातून वर पाहिलं तर आभाळ निळ्या रिबिनीएवढंच दिसायचं. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा यायचं. अशा एका घरात, दोन खोल्यांमध्ये, आठ वर्षांची सौसन आपल्या आईबरोबर आणि पणजोबांबरोबर राहायची. आईला ती यम्मा म्हणे आणि पणजोबांना सीदो.

यम्मा कापडावर लाल रेशमाची नक्षी भरायची. सीदो खिडकीपाशी बसून असायचे. त्यांचं नाव शुक्री, पण छावणीतली सगळी मुलं त्यांना सीदोच म्हणायची.

एके दिवशी शाळेत रिहाबबाईंनी विचारलं, "सांगा पाहू, आपापलं गाव कुठलं?"

सौसन उभी राहिली आणि म्हणाली, "माझं गाव ही छावणी."

"छावणी म्हणजे काही गाव नव्हे बाळ," बाई हळूच म्हणाल्या. "घरी विचारून ये."

घरी यम्मा म्हणाली, "आपलं गाव ऐन-अल-लोझ. बदामांचा झरा. पॅलेस्टाईनमध्ये आहे."

"मग आपण आत्ता कुठे आहोत?"

"पॅलेस्टाईनमध्येच."

"मग आपण गावी का नाही जात?"

यम्माची सुई थांबली. "तिथे जाता येत नाही," एवढंच ती म्हणाली.

सौसनने शाळेतला नकाशा बोटाने तपासला, पण त्यात ऐन-अल-लोझ नव्हतं. समोरच्या दुकानातले काका म्हणाले, "तिथे आता काही उरलं नाही गं." रेडिओवर कुणीतरी सांगत होतं की लढाईत ऐन-अल-लोझच्या लोकांना हाकलून दिलं. दुसऱ्या स्टेशनवर कुणीतरी सांगत होतं की ते आपणहूनच निघून गेले. एक म्हणे, ही जमीन शेकडो वर्षं आमची. दुसरा म्हणे, हजारो वर्षांपूर्वीपासून आमची. सौसनच्या डोक्यात नुसता गुंता झाला.

"सीदो, तुम्हाला हाकललं की तुम्ही आपणहून आलात?"

सीदो खिडकीकडून तिच्याकडे वळले. "मी तुझ्याएवढा होतो. गोळ्या वाजल्या. आईने माझा हात धरला आणि आम्ही पळालो. दोन दिवसांनी परत जाऊ म्हणाली. मग कुणी जाऊच दिलं नाही. आता याला काय म्हणायचं, ते तूच ठरव."

त्या हिवाळ्यात सीदो गोष्टी विसरू लागले. आणि एका सकाळी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"सौसन," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "झरा मशिदीच्या उजवीकडे होता की डावीकडे? मला आठवत नाही. म्हणजे... ते गाव खरंच होतं ना? की मीच मनाने रचलं?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही दोनच घास खाल्ले.

छावणीच्या मागे एक ओसाड बाग होती आणि तिच्यात बदामाचं एक वाळकं झाड होतं. सौसन रोज आपल्या वाट्याच्या पेल्यातलं अर्धं पाणी त्याला घालायची. त्या दुपारीही ती गेली. पाणी ओतता ओतता तिला रडू आलं आणि दोन थेंब आसवांचेही मुळाशी पडले.

तोच वाळक्या फांदीवर एक कळी फुटली आणि पटकन उमलली! तिच्यातून बाहेर आली एक चिमुकली परी. करंगळीएवढी उंची, गुलाबी-पांढऱ्या पाकळ्यांचे पंख, केसांत दवाचे इवले इवले मणी. ती हलली की सोनेरी भुकटी झुरझुर सांडायची.

"रोजचं अर्धं पाणी मला देतेस तू," परी किणकिणत म्हणाली. "तीन इच्छा माग. पण तीन नियम आहेत हं! घडून गेलेलं मला पुसता येत नाही. कुणाला त्याच्या घरातून काढता येत नाही. आणि सूर्य मावळला की माझी जादू संपते."

"ऐन-अल-लोझ खरंच आहे का?" सौसनने घाईघाईने विचारलं. "ते कुणाचं आहे?"

"मी परी आहे गं, न्यायाधीश नाही," परी म्हणाली आणि क्षणभर तिचे पंखही गोंधळल्यासारखे फडफडले. "आहे की नाही, ते दाखवू शकते."

सौसनने बोटांवर हिशेब मांडला. सीदोंना एकदम नेलं आणि तिथे काहीच नसलं तर? त्यापेक्षा आधी आपणच बघावं. एक इच्छा जायला, एक सीदोंना आणायला, एक परत यायला. बरोब्बर तीन!

"मला ऐन-अल-लोझला ने," ती म्हणाली.

पाकळ्यांचं एक वादळ उठलं आणि शांत झालं. समोर हिरवीगार टेकडी होती, आणि तिच्यावर बदामाची झाडं फुलून पांढरीशुभ्र झालेली! दगडी कुंडीत झुळझुळ पाणी पडत होतं. शेजारी मशिदीची एक मोडकी कमान उभी होती. झरा तिच्या उजव्या हाताला होता. उजव्या! सौसन आनंदाने उडीच मारणार होती, पण कमानीपलीकडे तिला लाल कौलांची घरं दिसली, निळा झोका दिसला आणि तिला न वाचता येणाऱ्या अक्षरांची पाटी दिसली.

झोक्यावर तिच्याच वयाची एक मुलगी होती. ती काहीतरी बोलली, पण सौसनला ते कळलं नाही. मग त्या मुलीने "सवता!" म्हणजे "आजी!" अशी हाक मारली, आणि काठी टेकत एक म्हातारी बाई आली. ती चक्क अरबीत बोलू लागली, थोड्या वेगळ्या हेलात.

"ये बाळ, घाबरू नकोस. मी मसूदा. ही माझी पणती, तिर्झा. तू कुठली?"

"मी इथली," सौसन म्हणाली.

मसूदाने ते तिर्झाला सांगितलं. तिर्झा झोक्यावरून उतरली आणि ठासून काही बोलली.

"ती म्हणतेय, मी इथली," मसूदा म्हणाली. "इथेच जन्मली ना ती."

"पण हे ऐन-अल-लोझ आहे! माझ्या सीदोंचं गाव आहे!"

मसूदा कुंडीच्या कडेवर बसली. "आम्ही याला वेगळं नाव दिलंय. त्याचा अर्थही बदामांचाच आहे." मग थोडं थांबून ती म्हणाली, "बाळ, माझं घर बगदादला होतं. अंगणात नारिंगाचं झाड होतं आणि दाराशी दजला नदी. मी दहा वर्षांची असताना आम्ही यहुदी म्हणून आमचं तिथलं जगणं अवघड झालं. एका पेटीनिशी निघालो. आमचे लोक हजारो वर्षं प्रार्थनेत याच भूमीचं नाव घेत आले होते, तर इथे पाठवलं. इथले अधिकारी म्हणाले, गाव रिकामं आहे."

"रिकामं नव्हतं!"

"नव्हतं," मसूदा हळू म्हणाली. "मला मिळालेल्या घराच्या भिंतीत ओल्या गिलाव्यावर उमटलेला एक पंजा होता. लहान मुलाचा. मी माझा हात त्यावर ठेवला, तर तो बरोबर बसला. तेव्हाच मला कळलं, इथून कुणीतरी माझ्यासारखंच गेलंय. पण मी कुणाला बोलले नाही. मी परत जाणार तरी कुठे होते?"

सौसनला राग आला होता. सगळ्यांनी इथून निघून जावं, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. ओठांपर्यंत आलंही ते. पण खांद्यावर बसलेल्या परीच्या पंखांची एक पाकळी करपून गळाली, आणि सौसनला दुसरा नियम आठवला. मग ती घडून गेलेलं पुसून टाक म्हणणार होती, तर पहिला नियम आठवला. आणि समोर ही सीदोंच्याच वयाची म्हातारी मुकाट रडत होती. ही बाई वाईट आहे की चांगली? सौसनला काही कळेना.

"तुम्हाला काय हवंय, आजी?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"मला? एकदा दजलेवरच्या नावाड्यांची हाक ऐकायचीय. पण ते आता कुठलं मिळायला?"

"हिला ते ऐकू दे," सौसन म्हणाली. आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाच समजलं नाही.

टेकडीवर रुपेरी धुकं पसरलं. त्यातून पाण्याची चुळबुळ आली, वल्ह्यांचा चपचप आवाज आला, निखाऱ्यावर भाजलेल्या माशांचा वास आला, आणि लांबून लांबून नावाड्यांची सुरेल साद आली. मसूदाने डोळे मिटले. तिर्झाने तिच्या कुशीत डोकं खुपसलं.

धुकं विरलं, तशी सौसन हुंदके देऊन रडू लागली. "सीदोंची इच्छा मी दुसऱ्याला देऊन टाकली! आता फक्त परत जायची उरली!"

"वेडी गं वेडी," परी हसली, आणि गळलेल्या पाकळीच्या जागी सोनेरी कोंब फुटला. "दुसऱ्यासाठी मागितलेली इच्छा मी मोजतच नाही. तुझ्या दोन अजून आहेत. पण लवकर! सूर्य बघ कुठे आला!"

"सीदोंना आण!"

आणि बदामाच्या झाडाखाली, लोकरी टोपी घातलेले सीदो उभे होते.

त्यांनी आधी कमानीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग वाकून त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं, आणि त्यांची सगळी दाढी ओली झाली.

"कुंडीचा वरचा दगड कुणी हलवला?" ते गुरकावले.

"मी," मसूदा उठून उभी राहिली. "फुटला होता. दरवर्षी झरा मीच साफ करते."

"तुम्ही माझ्या गावात राहता, बाई."

"हो."

"मला ते परत हवंय."

"माहीत आहे मला," मसूदा म्हणाली. "आणि मी इथून कुठे जाऊ, ते मला माहीत नाही."

सौसनला वाटलं, आता भांडण होणार. तिर्झालाही तसंच वाटलं असावं, कारण ती सौसनच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"भिंतीत पंजा होता," मसूदाने विचारलं. "तो तुमचा?"

सीदोंनी आपला सुरकुतलेला हात वर करून पाहिला. "आईने मारलं होतं मला त्यासाठी," ते म्हणाले. हसले, आणि मग त्यांना हसू आवरेना, रडूही आवरेना.

सूर्य टेकडीला टेकला होता. सौसन ओरडली, "आम्हाला घरी ने!"

पाकळ्यांचं वादळ पुन्हा उठलं. दोघं छावणीमागच्या बागेत उतरली. परी त्यांच्यापुढे हवेत तरंगत होती, आता काजव्याएवढी बारीक.

"ज्या मुलीने रागातसुद्धा दुसऱ्याचं दुःख ओळखलं, तिला माझ्याकडून न मागितलेली भेट," ती म्हणाली. "शुक्री, तुमचं गाव तुम्ही जोवर कुणाला सांगत राहाल, तोवर विसरणार नाही. आणि हे झाड आता तहानलेलं राहणार नाही."

"पण परी, गाव कुणाचं ते?" सौसनने हाक मारली.

परीने सौसनच्या गालाला हळूच हात लावला. मग लख्खकन उजेड झाला. केशरी, गुलाबी, मोतिया! सगळी बाग त्यात न्हाऊन निघाली, आणि परी त्या उजेडातच विरघळून गेली. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत फुललं होतं. त्याच्या बुंध्याशी दोऱ्याएवढी बारीक पाण्याची धार वाहू लागली होती. बोळातून बाया आणि मुलं बादल्या घेऊन धावत आली.

सीदोंनी सौसनचा हात धरला. "भूक लागलीय मला," ते म्हणाले. "आणि वही काढ. सगळं सांगतो. आधी झरा लिही, उजवीकडे."

सौसन थोडं चालली, मग थबकली. "आणि मसूदाआजी तिथे राहते, तेही लिहू?"

सीदोंनी बोळाचं अर्धं अंतर तिचा हात धरून कापलं.

"तेही लिही," शेवटी ते म्हणाले. "पण आधी माझं."