मडकोजीचा दरारा

हिवाळ्यानं गावाकडे पाठ फिरवली, त्या काळची गोष्ट. गव्हाच्या शेतात मडकोजी नावाचं बुजगावणं होतं. त्या वर्षी एकही चिमणी फिरकेना. मडकोजी फुगला. "बघा आपला दरारा!" असं बांधाला, वाऱ्याला, स्वतःच्याच सदऱ्याला सांगत सुटला.

एक चिमणी वरून जाताना दिसताच तो ओरडला, "काय गं, घाबरलीस ना?"

ती थेट त्याच्या डोक्यावर बसली. "तुला? अरे, दर वर्षी आम्ही इथं बसूनच तर गहू खायचो! यंदा पौषातच घाम फुटला, ओंब्या भरायच्या आधीच वाळल्या. जिऱ्याएवढ्या दाण्यांसाठी कोण येतंय?"

मडकोजीनं पहिल्यांदाच खाली शेताकडे पाहिलं.

अजूनही तो तसाच हात पसरून उभा असतो. फक्त आता म्हणतो, "या हो, कुणीतरी या!"