हौसाबाईची काचेची पडवी

ती एक शीळ होती. बारीक, सुईच्या टोकासारखी. गेनूबाने ती लहानपणी वडिलांच्या गोठ्यात ऐकली होती आणि पुढे संसाराच्या धबडग्यात तो ती पार विसरून गेला होता.

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात हा गेनूबा आणि त्याची बायको हौसाबाई राहत होते. हौसाबाई गोधड्या शिवायची. नजर अधू झाली तसा तिला घरातला उजेड पुरेना. मग गेनूबाने पाडलेल्या बंगल्यांच्या जुन्या खिडक्या एकेक करून आणल्या आणि घरापुढे काचेची पडवी उभी केली. उजेड भरपूर झाला. पण थंडी पडली आणि पडवी दगडासारखी गार झाली. हौसाबाईची बोटं आखडली. तिला सुई धरवेना.

खालच्या गावी दिलेल्या लेकीने निरोप धाडला, "आई, इकडेच राहायला ये. इथे ऊब आहे."

"एकदा गेलीस की तू काही परत यायची नाहीस," गेनूबा म्हणाला.

"सुईच चालत नाही, तर इथे बसून करू काय?"

गेनूबाने ते मनावर घेतलं. हात तंग होता, म्हणून त्याने फळवाल्यांकडचा टाकाऊ थर्माकोल मागून आणला आणि वरच्या पत्र्याला आतून लावला. बुडबुड्यांचं प्लॅस्टिक काचांवर डकवलं, म्हणजे उजेड येईल आणि गारवा अडेल. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून खिडक्यांच्या फटीत बसवल्या.

शेजारचा बाजी रस्त्यात थांबून बघत होता. "गेनूबा, वहिनींना पेटीत भरून बाजारात पाठवताय का?"

"थंडीला पाठवतोय, तिच्या घरी," गेनूबा म्हणाला.

काम झाल्यावर त्याने उदबत्ती पेटवली आणि पडवीभर हिंडून प्रत्येक काचेसमोर धरली. धूर जराही हलला नाही.

"बघ, वारा कुठे आहे?"

गोधडीवर बसलेल्या हौसाबाईने हात चोळले. "मला गारच लागतंय."

"मला नाही लागत. धूर बघ कसा सरळ चाललाय."

"धुराला कुठे गुडघे असतात," हौसाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने कपड्यांचं बोचकं बांधून पडवीच्या दारात ठेवलं. खाली जाणारी जीप दुपारी यायची होती.

हौसाबाई शेजारणींचा निरोप घ्यायला गेली. अर्धी शिवलेली गोधडी तशीच पसरलेली होती. ती तरी नीट घडी करून द्यावी, म्हणून गेनूबा खाली वाकला. गुडघे कुरकुरले, तसा तो तिच्याच जागेवर बसला. इतक्या दिवसांत तो तिथे कधी बसलाच नव्हता.

बसल्याबरोबर पाय गारठले. आणि कानाशी शीळ वाजली.

तीच शीळ. तेव्हा वडिलांच्या गोठ्यात वासरू कुडकुडत होतं. छप्पर दुहेरी शाकारलं, तरी त्याचं कापणं थांबत नव्हतं. मग वडील वासराशेजारी भुईवर गाल टेकून आडवे झाले होते. तिथे त्यांना खालच्या फळीमागची, वारा शीळ घालत शिरणारी फट सापडली होती.

गेनूबा गोधडीवर आडवा झाला. लाकडी चौकट आणि ओबडधोबड जोत्याचे दगड यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी होत्या. उभ्याने त्या कधी दिसल्याच नव्हत्या. हौसाबाईच्या चिंध्यांचं गाठोडं त्याने ओढलं. चिंध्या पिळून फटीत ठासल्या, वरून माती आणि भुसा कालवून लिंपलं. फरशीवर भाताचा पेंढा पसरला, त्यावर पोती घातली आणि पोत्यांवर गोधडी होती तशी अंथरली.

हौसाबाई आली तेव्हा त्याचे हात चिखलाने भरले होते.

"हे काय मांडलंय?"

"जरा बस."

"जीप येईल आता."

"येऊ दे. तू बस."

ती बसली. तिने पाय पोटाशी घेतले, मग हळूहळू सैल सोडले. गोधडीत टोचलेली सुई काढली आणि एक टाका घातला. मग दुसरा. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. गेनूबा तिच्याकडे बघत उभा होता.

ओळ संपेपर्यंत तिने टाके घातले. मग ती उठली, तिने दारातलं बोचकं उचललं आणि परत घरात नेऊन ठेवलं.

तात्पर्य: ज्याचं दुःख हलकं करायचं आहे, त्याच्या जागेवर आधी बसून पाहावं, उभ्या माणसाला बसलेल्याची थंडी कळत नाही.