मिटल्या डोळ्यांचा मुखवटा

फार वर्षांपूर्वी, किती ते मला विचारू नका, मीही आता दमलोय, आमच्या करवंदपाड्यात लखमा नावाचा माणूस होता. पांगाऱ्याच्या लाकडातून मुखवटे कोरायचा. बोहाड्याच्या जत्रेत गावकरी देवादिकांचे मुखवटे लावून नाचतात ना, ते सगळे त्याच्या हातचे. आणि देवीचं सोंग नाचायचाही तोच. त्या मुखवट्याचे टपोरे उघडे डोळे बघून पोरं आईच्या मागं लपायची.

देवीचं सोंग म्हणजे खायचं काम नाही, बाबांनो. मी नाचलोय, मला ठाऊक आहे. घरोघरच्या उंबऱ्याशी नाचायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्याच्या दारी नाच होई, तो तांब्याच्या पैशाला भोक पाडून देवीच्या लुगड्याला बांधी, नवसाचा. उजाडेपर्यंत लुगडं भरल्या हंड्यासारखं जड. आणि एक नेम होता. सोंगातल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. शेवटच्या दारी नाच झाला की गावानंच त्याचं नाव घ्यायचं, मगच देवी उतरायची, मगच मुखवटा सुटायचा.

लखमा म्हातारा झाला. दर साली म्हणायचा, "मान गेली रे माझी. आता दुसरा कोणी बघा."

"पुढल्या साली बघू की," गाव म्हणायचं. अहो, कसलं पुढलं साल! चांगलं नाचणाऱ्याला कोण बसू देतं?

मग एका साली शेजारच्या पाड्यात पटकी आली. माणसं पटापट मरू लागली. इकडं बोहाडा संपत आला होता, लखमा शेवटच्या दारी हाकेची वाट बघत उभा होता. पण पाटलानं हात जोडले. "आई, उतरू नको. तू फिरतेस तोवर रोगराई उंबरा ओलांडणार नाही."

सोंगाला बोलायची बंदी. लखमानं एकदा बायकोकडं, सुकरीकडं, तोंड वळवलं आणि तो पुन्हा पहिल्या दारी गेला.

फिरत राहिला. अन्न नाही, पाणी नाही. दगडी उंबऱ्यांवर त्याची पावलं उमटली, असं म्हणतात. पटकी वेशीवर येऊन बसली, पण आत आली नाही, असंही म्हणतात. आणि दर फेरीला लोक लुगड्याला नवे पैसे बांधत होते.

सुकरीचा जीव तीळतीळ तुटत होता. ती दारोदार विनवायची, "म्हाताऱ्याला हाक मारा रे, मरेल तो."

"थोडं थांब, सुकरे. लेकरंबाळं आहेत घरात."

लेकरांचं नाव काढलं की ती माघारी फिरायची. आणि तिनं स्वतः हाक मारायची, तर बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? जन्मात घेतलं नव्हतं.

शेवटी पटकी गेली. सुकरी धावत पाटलाकडं गेली. "आता तरी मारा हाक."

"घाई काय आहे?" पाटील म्हणाला. "देवी दारात आहे, असू दे."

ऐकलंत? असू दे म्हणे! मला अजून राग येतो.

तेवढ्यात लखमा फरफटत तिच्याच दारी आला. नाचायला पाऊल उचलेना. सुकरीनं पदर खोचला आणि अख्ख्या गावासमोर ओरडली, "लखमा! बस आता!"

लुगड्याचे सगळे दोरे तटातट तुटले. तांबं अंगणभर सांडलं. मुखवटा आपोआप सुटून पडला, आणि त्याचे कोरलेले उघडे डोळे मिटले होते, असं म्हणतात. लखमा उंबऱ्यावर बसला. "तू घेतलंस नाव?" एवढंच म्हणाला, हसला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजला. तो पुन्हा उठला नाही.

गाव खाली मान घालून उभं राहिलं. ते तांबं घरी न्यायला कोणाचा हात धजेना, म्हणून त्याचं घंगाळ घडवलं.

आता आमच्याकडं देवीचं सोंग दर साली नवा माणूस नाचतो. मुखवटा तोच, मिटल्या डोळ्यांचा. नाचणारा नाकाच्या भोकांतून बघतो. लुगड्याला कोणी काही बांधत नाही. शेवटच्या दारी पाट मांडतात, घंगाळात ऊन पाणी ओततात. मग साऱ्या बाया, घरी नवऱ्याचं नाव न घेणाऱ्यासुद्धा, एकदम हाक मारतात, "लखमा, बस आता!"

नाचणारा कोणीही असो, तो बसतो. आधी त्याचे पाय धुतात. पाया पडायचं ते नंतर.