बांधाची नवशी

फार वर्षांपूर्वी, खाडी अजून गावाच्या उंबऱ्याशी होती तेव्हाची ही गोष्ट. तिवरपाड्याची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली. शेत आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. तो फुटला, खारं पाणी आत आलं, की तीन वर्षं तिथे भाताचं रोप म्हणून उगवत नसे.

त्या गावात नवशी नावाची मुलगी होती. नवसाने झाली म्हणून नवशी. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. हाक मारली तर ओ यायची, पण उशिरा. भातावर कालवण पडलं की ताट तसंच सोडायची. ढोल वाजला की कान दाबून खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत पळायची, कारण तो आवाज तिला अंगावर दगड पडावेत तसा लागायचा. लोक म्हणाले, झपाटली आहे, भगताकडे न्या. नवशीची आई म्हणाली, "माझी पोर आजारी नाही. तिला जग जास्त ऐकू येतं, एवढंच." आणि तिने दार लावून घेतलं.

नवशी वाढली, आणि बांधाच्या कामावर गेली. बांधाचा कारभारी होता पोशा. त्याने पहिल्या दिवशी सांगितलं, "नवशे, तिकडे जरा माती टाक." नवशी उभीच राहिली. जरा म्हणजे किती? मागून चौघे ओरडले, एकाने दंडाला धरून ओढलं. तिने टोपली फेकली आणि कान झाकून चिखलात बसली. गडी म्हणाले, ही कामाची नाही.

पोशा मात्र तिच्यापासून चार हात लांब, तिच्यासारखाच चिखलात बसला.  बऱ्याच वेळाने नवशीच म्हणाली, "सगळे एकदम बोलतात. आणि नेमकं कुणीच सांगत नाही."

पोशाने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने बांधावर काठी रोवली आणि म्हणाला, "या काठीपर्यंत, पंधरा टोपल्या." नवशीने दुपारच्या आत पंधरा टाकल्या, आणि अशा चोपल्या की पाय ठेवला तर ठसा उठेना. मग पोशाने सगळ्यांना बजावलं, तिला मागून हात लावायचा नाही, आणि उद्या काय करायचं ते तिला आज सांगायचं. हळूहळू तिला तिचं खरं काम सापडलं. दर ओहोटीला ती एकटी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, मातीला कान लावायची. असं म्हणतात, की खेकडा बांधात बीळ कोरायला लागला की तिला तीन शेतं लांबून कळायचं.

एका वर्षी देवीची जत्रा आणि मोठं उधाण एकाच दिवशी आलं. भर दुपारी ढोलांनी गाव दणाणून गेलं होतं. नवशी बांधावर होती. मोठ्या वळणाशी तिने मातीला कान लावला, आणि उठली. सांगायला जायचं तर ढोलांतूनच जावं लागणार होतं.  तरी ती गेली.

देवळापुढे येऊन ती कानांवर हात ठेवून उभी राहिली. तोंड उघडलं, पण शब्द येईना. पोशाने तिला पाहिलं आणि हात वर केला. ढोल थांबले. कुणीतरी म्हणालं, "लवकर बोल गो बाय." पोशाने त्यालाही गप्प केलं. सगळं गाव वाट बघत राहिलं. असं म्हणतात, की त्या शांततेत देवळातल्या समईची वात जळताना ऐकू येत होती.

मग नवशी म्हणाली, "मोठ्या वळणाला, आतल्या अंगाने, कमरेएवढ्या खोलीवर पाणी वाहतंय. वरून बांध कोरडा आहे."

रामजी नावाचा गडी म्हणाला, "मी आत्ताच तिकडून आलो. काही नाही तिथे."

पोशा म्हणाला, "रामजी, तू वरून बघितलंस. नवशी जे आहे तेवढंच सांगते. चला."

सगळं गाव धावलं. वळणाशी खणलं तर कमरेएवढ्या खोलीवर पाण्याची धार उसळली. भरती चढत होती. नवशी बांधावर उभी राहिली आणि एकेकाला सांगत गेली, इथे सात टोपल्या, तिथे तीन, तू थांब, तू दगड आण. दोनशे माणसं, पण तिच्याशिवाय कुणी अवाक्षर काढलं नाही. असं म्हणतात, की पाणी बांधाच्या वर हातभर चढलं आणि तिथेच भिंतीसारखं उभं राहिलं. नवशीचं बोलणं पुरं होईपर्यंत समुद्रही थांबला. शेवटची टोपली चोपली तेव्हा तो मागे वळला. शेतात एक थेंबही आला नव्हता.

रामजी तिच्यासमोर आला आणि त्याने डोक्यावरची टोपली तिच्या पायाशी ठेवली. नवशीने त्याच्याकडे बघितलं नाही. पण ती हसली, आणि ते साऱ्या गावाने पाहिलं.

पोशा थकला तेव्हा गावाने नवशीला कारभारीण केलं. चाळीस वर्षं तिने बांध राखला. लांबलांबच्या गावांची माणसं तिच्याकडे शिकायला यायची.

आता बांधाला दगड लागला, यंत्रं आली. तरी तिवरपाड्याच्या बांधावर नवं माणूस कामाला आलं, की मुकादम त्याला खाली बसवतो, नवशीचं नाव घेतो आणि विचारतो, "तुला काम कसं सांगू?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. परगावची माणसं आधी हसतात. मग विचारात पडतात, मग सांगायला लागतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, असं एकही माणूस तिथे आजवर आलेलं नाही.