काळा खडा

फार पूर्वी, शिडाची गलबतं समुद्रावर राज्य करत होती तेव्हा, एका बंदरात भागोजी नावाचा पारखी राहत असे. त्या काळी घराघराचा कुठल्या ना कुठल्या गलबतात वाटा असायचा. पाऊस सरला की भागोजी धक्क्यावर चटई अंथरून बसे आणि प्रत्येक गलबताच्या नावापुढे कवड्यांचे तीन ढीग मांडे: एक तळाच्या मजबुतीचा, एक गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या हुशारीचा, एक गेल्या हंगामाच्या कमाईचा. ज्याच्या कवड्या जास्त, ते गलबत पहिलं. लोक तो क्रम पाहूनच वाटे घेत.

हे काम आधी त्याचे वडील करत. प्रत्येक गलबताच्या तळावरून हात फिरवत ते वाळूतून चालायचे, आणि लहानगा भागोजी मागोमाग. तळाला फासलेल्या ओल्या राळेचा वास आला की त्याला अजूनही वडील आठवत.

एका वर्षी दोन ढिगांची माहितीच मिळेना. बायजाक्काचं गलबत परमुलखात अडकून नुकतंच परतलं होतं. त्याची कमाई कळली नव्हती. गावातल्या एका दलालाचं गलबत माल भरून पाण्यात उभं होतं. त्याचा तळ यंदा कुणी पाहिला नव्हता. धक्क्यावर माणसं खोळंबली होती.

भागोजीने बायजाक्काच्या कमाईची जागा तशीच मोकळी सोडली. दलालाच्या तळापुढे मात्र इतरांना होत्या तेवढ्याच कवड्या ठेवल्या. मोजणीत दलालाचं गलबत पहिलं आलं, बायजाक्काचं शेवटचं.

संध्याकाळी बायजाक्का त्याच्या दारात आली.

"भागोजी, माझं गलबत रिकाम्या हातानं आलं असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, अक्का. मला माहितीच नव्हती."

"मग माहीत नाही म्हणायचंस. तू तर काहीच कमावलं नाही असं मांडलंस."



तिच्या गलबतात कुणीच वाटा घेतला नाही. लांबच्या सफरीसाठी माल भरता येईना, म्हणून ते किनाऱ्याजवळच मासेमारी करत राहिलं. दलालाचं गलबत अर्ध्या गावाची पुंजी घेऊन निघालं आणि खाडीच्या तोंडाशीच त्याच्या तळाची फळी उचकटली. जवळ होतं ते बायजाक्काचंच गलबत. तिच्या माणसांनी सगळे खलाशी वाचवले. माल मात्र बुडाला.

पुढच्या हंगामात भागोजीने ठाऊक नसलेल्या प्रत्येक ढिगाच्या जागी एक काळा खडा ठेवला.

"हे काय?" लोकांनी विचारलं.

"इथलं मला माहीत नाही. कवडी नसणं वेगळं आणि खडा असणं वेगळं. खडा असलेली गलबतं मी निराळी मांडली आहेत. त्यांचं कळेल तसं सांगेन. तोवर वाटा घ्यायचा तर एवढं ध्यानात ठेवून घ्या."

काही जण कुरकुरले. बायजाक्का म्हणाली, "आता निदान कुठे विचारायचं ते तरी कळतं."

भागोजी उठला आणि पहिल्या खड्याचं उत्तर शोधायला वाळूतून चालू लागला.

आता ती गलबतं नाहीत, तो धक्काही ओस पडलाय. पण त्या गावात अजून एखादं पोर "मला माहीत नाही" म्हणालं, तर त्याला कुणी रागावत नाही, त्याचा हात धरून म्हणतात, "चल, बघून येऊ."

तात्पर्य एवढंच: जे ठाऊक नाही त्याला शून्य समजू नये आणि इतरांसारखंही धरू नये, ठाऊक नाही असं सांगावं आणि शोधायला निघावं.